आधी बाहेरचा दरवाजा पाहा

सॉफ्टवेअरच्या डेमोत दाखवलेल्या रुग्णाला एकच तक्रार असते. त्याला एकच औषध लागतं, त्या औषधाचं नाव यादीत आधीपासून असतं, आणि तीन क्लिकमध्ये प्रिस्क्रिप्शन छापून येतं. खरा रुग्ण गुडघेदुखीसाठी येतो, बोलता बोलता चक्कर येते म्हणून सांगतो, पिशवीतून दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या काढतो आणि उठताना सर्टिफिकेट मागतो. डेमो आणि ओपीडी यांच्यातलं हे अंतर थोड्याफार अनुभवाने कळतं. दुसरी गोष्ट मात्र फार उशिरा कळते. डेमोत जे काही दाखवतात, ते सगळं माहिती आत कशी जाते याचं असतं. ती बाहेर कशी येते, हे कोणी दाखवत नाही आणि बहुतेक दवाखाने विचारतही नाहीत.

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींचं, म्हणजे ईएचआरचं, सॉफ्टवेअर निवडताना सगळ्यात जास्त वजन या न विचारलेल्या प्रश्नाला द्यायला हवं. नोंद पुढच्या डॉक्टरकडे जाते, रुग्णाच्या हातात जाते, कधीतरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाते, आणि यंत्रणा बंद पडली की तिला त्याच दिवशी कागदावर उतरावं लागतं. या वाटा मोकळ्या नसतील, तर स्क्रीन कितीही देखणी असली तरी ते सॉफ्टवेअर घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

त्याचं कारण नोंदीच्या आणि सॉफ्टवेअरच्या आयुष्यात आहे. आज दिलेल्या लसीची नोंद त्या बाळाला वीस-तीस वर्षांनी लागू शकते. कुठलंही सॉफ्टवेअर आहे त्या रूपात तितकं टिकत नाही. कंपनी विकली जाते, उत्पादन बंद होतं, डॉक्टर निवृत्त होतात, दवाखाना दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणजे आज निवडलेलं सॉफ्टवेअर कधीतरी बदलावं लागणारच. तो दिवस आला की काय होईल, हे करारावर सही करायच्या आधी ठरवायचं असतं. नंतर ठरवायला गेलं, तर ते समोरची कंपनी ठरवते.

"डेटा एक्स्पोर्ट होतो का?" असं विचारलं तर उत्तर नेहमी "हो" असंच येतं. म्हणून तसं विचारू नका. पाच-सहा खोटे रुग्ण डेमोमध्ये भरायला लावा. एकाला पेनिसिलिनची ॲलर्जी लिहा, एकाचे चार वेळचे रक्ताचे रिपोर्ट भरा, एकाला एक्स-रेचा फोटो जोडा, एकाचं औषध मध्येच बंद करा. मग सांगा, की आता हे सगळं बाहेर काढून पेनड्राइव्हवर द्या. जे हातात येईल ते त्या कंपनीचं सॉफ्टवेअर नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडा. बरेचदा हातात येतो एक पीडीएफ. तो वाचता येतो, छापता येतो, पण त्यातली ॲलर्जी उद्याच्या सॉफ्टवेअरला ॲलर्जी म्हणून कळत नाही. त्याच्या लेखी ते नुसतं चित्र असतं. दुसरा प्रकार म्हणजे टेबलांची फाइल मिळते, पण त्यात औषधाच्या नावाऐवजी "4417" असे कंपनीचे अंतर्गत आकडे असतात आणि त्या आकड्यांचा अर्थ सांगणारी यादी जोडलेलीच नसते. तिसरा प्रकार, जोडलेले फोटो आणि स्कॅन एका फोल्डरमध्ये येतात, पण कुठलं चित्र कुठल्या रुग्णाचं हे सांगणारा धागा तुटलेला असतो. ही तिन्ही बाहेर पडण्याची वाट नसल्याची लक्षणं आहेत.

करारात मग स्पष्ट लिहून घ्यावं: संपूर्ण डेटा, सगळ्या जोडपत्रांसह, प्रत्येक नोंद कोणी कधी लिहिली आणि बदलली याच्या इतिहासासह, मागितल्यापासून इतक्या दिवसांत, अमुक स्वरूपात, आणि त्याचं शुल्क किती किंवा शून्य. करार संपल्यावरही किमान काही महिने नोंदी नुसत्या वाचण्यापुरत्या उघड्या राहतील, हेही लिहावं. एखादी कंपनी यावर सही करायला का-कू करत असेल, तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालेलंच आहे.

स्वरूपाबद्दल थोडं. आरोग्याच्या माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी मानकं तयार करणारी एचएलसेव्हन ही संस्था 1987 पासून काम करते, आणि तिचं अलीकडचं मानक म्हणजे एफएचआयआर, ज्याला सगळे "फायर" म्हणतात. रुग्ण, औषध, तपासणी, ॲलर्जी या प्रत्येकाची ठरलेली चौकट त्यात असते. पण चौकट सारखी असली म्हणून आतला मजकूर सारखा होत नाही. एका दवाखान्याने "शुगर उपाशी", दुसऱ्याने "एफबीएस" आणि तिसऱ्याने "ग्लुकोज फास्टिंग" लिहिलं, तर कॉम्प्युटरच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या तपासण्या आहेत. त्यासाठी लॉइंकसारखे तपासण्यांचे कोड, स्नोमेड सीटीसारखे वैद्यकीय संज्ञांचे कोड आणि आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी असतं. डॉक्टरांना हे कोड पाठ असायची गरज नाही. नेहमीच्या शब्दांत टाइप केल्यावर मागे योग्य कोड आपोआप चिकटतो का, एवढं पाहायचं. "फायर सपोर्ट आहे" असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्यावर विचारायचा प्रश्न असा, की आत्ता कुठल्या दुसऱ्या यंत्रणेशी खरोखर देवाणघेवाण चालू आहे आणि ती दाखवाल का?

कोडचा उपयोग नेमका काय, हे एका आकड्यातून दिसतं. रक्तदाब आणि अशक्त हृदयासाठी एसीई इनहिबिटर गटाचं औषध आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन घेणारा रुग्ण घ्या. ही दोन्ही औषधं रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. जानेवारीत 4.4, मेमध्ये 4.9, सप्टेंबरमध्ये 5.4. हे तीन रिपोर्ट तीन वेगळ्या पीडीएफमध्ये पडले असतील, तर मे महिन्यात 4.9 पाहून कोणीही "हद्दीत आहे" म्हणून पुढे जाईल, कारण वरची मर्यादा साधारण 5.0 असते. तेच आकडे आकडे म्हणून साठवलेले असतील, तर एका रेषेवर ते चढताना दिसतात, आणि डॉक्टर मेमध्येच डोस, किडनी आणि पुढच्या तपासणीची तारीख यांचा विचार करतात. पीडीएफमध्येही माहिती तीच होती, पण ती एकमेकांशेजारी कधी आलीच नाही. प्रयोगशाळेकडून रिपोर्ट आकड्यांच्या रूपात येईल की नुसता फोटो म्हणून, हा प्रश्न म्हणूनच रंगसंगती, मोबाइल ॲप आणि एसएमएस या सगळ्यांच्या आधी विचारायचा.

आणि आकडा आला की त्याचं एकक सोबत आलंच पाहिजे. ग्लुकोज 7 म्हणजे मिलिमोल प्रति लिटर असेल तर ते 126 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होतं. पहिल्याला 18 ने गुणायचं. एकक गळून पडलं तर 7 हा आकडा भयंकर कमी वाटतो. किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनमध्ये हा फरक 88.4 पटींचा आहे. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकाच आलेखावर आणणारं सॉफ्टवेअर आधी एककं जुळवतं की नुसते ठिपके जोडतं, हे डेमोतच तपासा.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, की मग सगळंच चौकटीत भरायला लावा, मोकळं लिहायला जागाच नको. आम्ही याच्या पूर्ण विरोधात आहोत. अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी 1968 मध्ये रुग्णाच्या समस्यांची यादी मध्यवर्ती ठेवून नोंद करण्याची पद्धत मांडली. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय दिसतं, त्याचा अर्थ काय लावला आणि पुढे काय करायचं, हा क्रम आजही जगभर चालतो. त्यातला पहिला भाग म्हणजे रुग्णाचं म्हणणं. ते गोष्टीसारखंच लिहिलं गेलं पाहिजे. "जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतं, थांबलं की दोन मिनिटांत जातं, गेल्या आठवड्यापासून सपाट रस्त्यावरही होतं" या वाक्यात निदान जवळजवळ आलेलंच आहे. त्याच्याऐवजी "छातीत दुखणं: हो / नाही" एवढीच टिक राहिली, तर आजार वाढत चालल्याची खूणच पुसली जाते. चौकटीत हवेत ते समस्या, चालू औषधं, ॲलर्जी, लसी, वजन-रक्तदाब आणि प्रयोगशाळेचे आकडे. बाकीचं लिहू द्या, बोलून टाइप होत असेल तर बोलू द्या.

मोकळ्या मजकुराबद्दल एक तांत्रिक बाब इथेच सांगायला हवी, कारण ती इंग्रजीत विचार करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. देवनागरीसारख्या लिपीतला मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, साठवला जातो का? जुन्या फॉन्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीनवर अक्षरं बरोबर दिसतात, पण बाहेर काढल्यावर चिन्हांचा खिचडा होतो आणि तो शोधताही येत नाही. रुग्णाला द्यायच्या सूचना त्याच्या भाषेत छापता येणं ही चैन नाही. "जेवणाआधी" आणि "जेवणानंतर" यातला फरक घरी जाऊन वाचणाऱ्याला कळला पाहिजे.

आता कागदाची बाजू. कागदाच्या बाजूने बोलणारे डॉक्टर हट्टी असतात असं समजणं चुकीचं आहे. केसपेपर वीज गेली तरी चालतो, त्यावर पोटाचं चित्र काढून दुखतं तिथे फुली मारता येते, आणि लिहिताना रुग्णाकडे पाहता येतं. उलट स्क्रीनची तक्रार मोजलेली आहे. अमेरिकेत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 57 डॉक्टरांचं काम प्रत्यक्ष पाहून केलेल्या अभ्यासात दिवसाच्या कामातला 27 टक्के वेळ रुग्णांसमोर आणि 49.2 टक्के वेळ नोंदी व टेबलावरच्या कामात गेलेला दिसला. हा आकडा गंभीर आहे आणि तो टाळून ईएचआरची बाजू घेणं प्रामाणिक नाही.

पण कागद एकाच जागी असतो. ऑगस्ट 2005 मध्ये कटरीना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा कितीतरी दवाखान्यांचे केसपेपर पाण्यात गेले. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयाच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक होत्या. त्या दुसऱ्या शहरातून पुन्हा उघडता आल्या, आणि विस्थापित झालेल्या रुग्णांची औषधं चालू ठेवता आली. इथेही मुद्दा तोच: त्या नोंदी इमारतीच्या बाहेर पडू शकल्या. ज्या ईएचआरमधून नोंद बाहेर पडत नाही, तो वीज लागणारा केसपेपरच आहे, आणि त्याच्यापेक्षा साधा केसपेपर बरा.

स्क्रीनमध्ये गेलेल्या वेळेचं मूळ बहुतेकदा डॉक्टरांच्या टायपिंगच्या वेगात नसतं. प्रत्येक भेटीत किती रकाने भरायचे हे कोणी ठरवलं, त्यात ते असतं. बिलासाठी, विम्यासाठी, अहवालांसाठी लागणारे रकाने डॉक्टरांच्या स्क्रीनवर येऊन बसतात. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक सक्तीच्या रकान्यापुढे विचारा: हे कोण वाचणार आहे? उत्तर नसेल तर सक्ती काढा. वजन, उंची, रक्तदाब सहायकाने भरावा, पत्ता आणि फोन रिसेप्शनने. डॉक्टरांच्या वाट्याला विचार लागणारं तेवढंच यावं. आणि स्क्रीन रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये ठेवू नका; टेबलाच्या कोपऱ्यावर, दोघांना दिसेल अशी तिरपी ठेवा. औषधांची यादी रुग्णाला दाखवत वाचली, की "ही गोळी मी कधीच बंद केली" हे वाक्य तिथल्या तिथे ऐकू येतं.

सॉफ्टवेअर नव्या चुका जन्माला घालतं, हेही मान्य करून पुढे जायला हवं. 2005 मध्ये एका मोठ्या रुग्णालयातल्या संगणकीय औषध-आदेश यंत्रणेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात त्या यंत्रणेमुळे सोप्या झालेल्या औषधचुकांचे 22 प्रकार नोंदवले होते. यातल्या कितीतरी चुका दवाखान्यातही होतात. सगळ्यात घातक उदाहरण मेथोट्रेक्सेटचं. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. यादीत औषध निवडल्यावर वारंवारतेच्या रकान्यात "रोज एकदा" आपोआप येत असेल, आणि डॉक्टर घाईत पुढे गेले, तर रुग्ण रोज गोळी घेतो, अस्थिमज्जा निकामी होते आणि मृत्यू येतो. अशा घटना घडलेल्या आहेत. म्हणून डेमोत स्वतःच्या हाताने "मेथोट्रेक्सेट 10 मिलिग्रॅम, रोज" टाइप करून पाहा. सॉफ्टवेअरने आपणहून "आठवड्यातून एकदा" सुचवलं पाहिजे आणि रोजचा डोस द्यायचा तर कारण विचारून थांबवलं पाहिजे. ते गपचूप छापलं गेलं, तर बाकीचा डेमो पाहण्यात वेळ घालवू नका.

दुसरी परीक्षा लहान मुलाची. 12 किलोचं मूल, ताप, पॅरासिटामॉल 15 मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे 180 मिलिग्रॅम. सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 मिलिग्रॅम असेल तर 7.5 मिलिलिटर, आणि 5 मिलिलिटरला 250 मिलिग्रॅम असेल तर 3.6 मिलिलिटर. छापलेल्या कागदावर पालकांसाठी मिलिलिटर आलेत का, आणि ते कुठल्या ताकदीच्या बाटलीचे हे लिहिलंय का? तेच वजन पौंडांत, म्हणजे 26.5, असं किलोच्या रकान्यात भरून पाहा. मुलाचं वय आणि मागचं वजन माहीत असलेल्या सॉफ्टवेअरने "वजन दुपटीहून जास्त वाढलंय, खात्री करा" असं म्हणायला हवं. आकड्यांच्या छपाईतही एक बारीक गोष्ट आहे: 5.0 घाईत 50 वाचलं जातं आणि .5 चा ठिपका दिसला नाही तर 5 होतं. दशांशानंतरचं उगाच शून्य नको, आणि दशांशाआधी शून्य हवंच.

ॲलर्जीचं तर अगदी साधं आहे, आणि तिथेच सर्वाधिक गडबड होते. "पेनिसिलिन चालत नाही" हे वाक्य डॉक्टर मोकळ्या मजकुरात लिहितात. सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर अमॉक्सिसिलिन लिहितो आणि काहीच इशारा येत नाही, कारण ॲलर्जीच्या यादीत नोंद नव्हती. यादीत लिहिल्यावरही अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच गटातलं आहे हे सॉफ्टवेअरला माहीत असावं लागतं. दुसऱ्या टोकाला, गोळीने पोटात मळमळलं तेही ॲलर्जी म्हणून भरलेलं असतं, आणि मग दर प्रिस्क्रिप्शनला लाल चौकट उघडते. औषधसुरक्षेच्या इशाऱ्यांपैकी 49 ते 96 टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात, असं 2006 मधल्या एका आढाव्यात दिसून आलं होतं. फुकटचे इशारे फार झाले की खराही त्यांच्याबरोबर बंद केला जातो. म्हणून ॲलर्जी भरताना काय झालं तेही भरायचं: पुरळ, श्वास अडकणं, सूज की नुसती मळमळ. आणि इशाऱ्यांची पातळी दवाखान्याला ठरवता आली पाहिजे. सुरुवातीला फक्त जीवघेणे संयोग, ॲलर्जी, गरोदरपण आणि किडनीसाठी बदलायचे डोस एवढेच चालू ठेवा.

मागची नोंद कॉपी करण्याच्या सोयीबद्दल आम्ही कडक आहोत. कालची नोंद आज पुढे ओढली, की "काल टाके घातले" हे वाक्य दहाव्या दिवशीही तसंच राहतं. त्याहून वाईट म्हणजे "हृदय, फुप्फुसं, पोट: सर्व सामान्य" असं आधीच भरलेलं टेम्पलेट. हात न लावलेल्या पोटाची तपासणी झाल्याची ती खोटी नोंद आहे, आणि पुढचा डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवतो. टेम्पलेट वापरा, पण ते रिकामे असू द्या. सगळ्या आजारांची टेम्पलेट पहिल्याच महिन्यात करू नका. तुमच्याकडे रोज येणाऱ्या आठ-दहा तक्रारींपासून सुरुवात पुरते.

निवड झाल्यावरचं काम मात्र फार कष्टाचं आहे, आणि बरेच प्रयत्न तिथेच फसतात. जुने केसपेपर सगळेच्या सगळे स्कॅन करून टाकायचे, हा पहिला मोह. नव्वद पानांची एक फाइल स्कॅन केली की ती पुन्हा कोणी उघडत नाही. त्यापेक्षा पुढच्या आठवड्यात येणाऱ्या रुग्णांची यादी घ्या आणि प्रत्येकाच्या केसपेपरमधून चालू समस्या, डोससह चालू औषधं, ॲलर्जी, लसी आणि शेवटचे महत्त्वाचे आकडे एवढंच नव्या नोंदीत भरा. हे भरणारी व्यक्ती औषधांची नावं ओळखणारी असावी, आणि पहिल्या भेटीत डॉक्टरांनी रुग्णासमोर ते वाचून पक्कं करावं. स्कॅन करायचे तर डिस्चार्ज कार्ड, हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट), ईसीजी असे वेगवेगळे, तारीख घालून. मूळ कागद कायद्याने जितकी वर्षं ठेवायचे तितकी ठेवाच.

त्याआधी नावांची साफसफाई. एकाच माणसाच्या तीन नोंदी तीन स्पेलिंगनी असतात, आणि एकाच घरातले पाच जण एकाच फोन नंबरवर असतात. फोन नंबर हीच ओळख मानणारं सॉफ्टवेअर आईची औषधं मुलीच्या नावावर दाखवेल. दर भेटीला पूर्ण नाव आणि जन्मतारीख अशा किमान दोन खुणा विचारायच्या, आणि त्या रुग्णाच्या तोंडून घ्यायच्या, कारण "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर ऐकू न आलेला माणूसही मान डोलावतो. जन्मतारीख माहीत नसेल तेव्हा 1 जानेवारी टाकण्याची सवय सगळीकडे आहे. तिथे "अंदाजे" अशी खूण करता आली पाहिजे. दोन नोंदी चुकून एकत्र झाल्या तर त्या पुन्हा वेगळ्या करता येतात का, हेही विचारा. एकत्र करणं सगळ्यांना जमतं, वेगळं करणं फार थोड्यांना.

सुरुवातीचे दोन आठवडे अपॉइंटमेंट निम्म्या करा, पुढचे दोन आठवडे पाऊण. हे उत्पन्नाचं नुकसान आहे आणि ते खर्चात आधीच धरायचं. भरगच्च ओपीडीत शिकवलेलं कोणाला कळत नाही. तिथे फक्त आडवाटा शिकल्या जातात, आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. दवाखान्यातल्या एका व्यक्तीला, शक्यतो रिसेप्शन किंवा नर्सिंगमधल्या, बाकीच्यांपेक्षा दुप्पट शिकवून तयार करा आणि त्या काळात तिला दुसरं काम देऊ नका. कागद आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवण्याचा काळ दोन-तीन आठवड्यांवर जाऊ देऊ नका. तो लांबला की काही औषधं इथे, काही तिथे, आणि पूर्ण नोंद कुठेच नाही, अशी अवस्था होते.

पहिल्या महिन्यात एक गोष्ट रोज तपासायची: पाठवलेल्या पण परत न आलेल्या तपासण्या, आणि आलेले पण कोणी न पाहिलेले रिपोर्ट. कागदाच्या काळात रिपोर्ट टेबलावर पडलेला दिसायचा. आता तो कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये जातो, आणि ते डॉक्टर सुट्टीवर असतील तर तिथेच राहतो. सुट्टीत इनबॉक्स कोणाकडे वळतो, हे नाव घालून ठरवा.

यंत्रणा बंद पडण्याचा दिवस येतोच. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत 19,000 हून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा सरकारी लेखापरीक्षणाचा अंदाज होता. छोट्या दवाखान्याला हे कळावं म्हणून मोठ्या हल्ल्याची वाट पाहायला नको. जळलेली हार्ड डिस्क पुरते. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दवाखान्याबाहेर. त्यातली एक तरी कायम न जोडलेली हवी, कारण जोडलेला बॅकअपही व्हायरस कुलूपबंद करतो. दर तीन महिन्यांनी बॅकअपवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोंदी प्रत्यक्ष उभ्या करून पाहा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. क्लाउडवर असलात तरी दर महिन्याला स्वतःची प्रत काढून घ्या. रोज संध्याकाळी उद्याच्या रुग्णांची यादी, त्यांच्या समस्या, औषधं आणि ॲलर्जीसह, छापून कुलपात ठेवा. दुसऱ्या दिवशी लागली नाही तर फाडून टाका. कोऱ्या छापील नोंदींचा गठ्ठा तयार असावा, आणि वीज आल्यावर त्या कोणी, किती तासांत भरायच्या हेही ठरलेलं असावं.

गोपनीयतेत सर्वात मोठं भोक म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, मॉनिटरवर चिकटवलेला. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, दुहेरी पडताळणी, पाच मिनिटांत आपोआप कुलूप, आणि नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद. रिसेप्शनला वेळ आणि फोन दिसावा, मानसोपचाराची नोंद दिसू नये. कोणी कुठली नोंद उघडली याचा इतिहास सॉफ्टवेअर ठेवतंच. महिन्यातून एकदा तो कोणीतरी पाहायला हवा.

या सगळ्याची एक चाचणी करार करण्याआधीच घेता येते, आणि आम्ही ती शेवटी घ्यायला सांगू. दुसऱ्या गावी राहायला जाणारी एक मधुमेही रुग्ण रिसेप्शनवर येते आणि म्हणते, "माझी सगळी फाइल द्या." कंपनीच्या माणसाला बाजूला बसवा आणि रिसेप्शनवरच्या व्यक्तीला ते करू द्या. घड्याळ लावा. पाच मिनिटांत तिच्या हातात वाचता येईल असा कागद, फोनवर पुढच्या डॉक्टरच्या सॉफ्टवेअरला कळेल अशी फाइल, त्यात तीन वर्षांच्या एचबीएवनसीची (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीची) रांग, आताच्या गोळ्या डोससह, आणि सल्फा गटाच्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं ही ओळ सगळ्यात वर आली, तर सही करायला हरकत नाही.